समुद्रकिनारी रेडिओवर परदेशी स्टेशनं का लागतात? 'डीएक्सिंग' म्हणजे नेमकं काय?

कोकणात सुट्टीला गेलात, रात्री जेवणं झाली आणि सहज जुना ट्रान्झिस्टर लावला. एफएमवरून मीडियम वेव्हवर आलात, काटा हळूहळू फिरवला आणि खरखरीतून अचानक अरबी बातम्या ऐकू आल्या. रेडिओ बिघडलेला नाही. तुम्ही नकळत 'डीएक्सिंग' करताय.

तारायंत्राच्या काळात ऑपरेटर 'दूर अंतर' यासाठी 'डीएक्स' हे संक्षिप्त रूप वापरायचे. लांबची स्टेशनं शोधून ऐकण्याच्या छंदाला त्यावरूनच डीएक्सिंग म्हणतात. जगभरातले हे छांदिष्ट सुट्टीसाठी मुद्दाम समुद्रकिनारा निवडतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं ग्रेलँड हे छोटं गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे पहाटे पॅसिफिकपलीकडची, जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंतची स्टेशनं ऐकली जातात.

रात्रीच का?

जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर असतो. तो सूर्यप्रकाशामुळे तयार होतो आणि दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. म्हणून दिवसा फक्त जवळची स्टेशनं लागतात. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी आणखी वरच्या थरांवर आदळून शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर परत खाली येतात. वातावरणात असे थर खरोखर आहेत, हे एडवर्ड ॲपल्टन यांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांतून सिद्ध झालं. त्यासाठी त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं.

मग समुद्राचा काय संबंध?

खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं, कोरड्या जमिनीच्या हजारो पट. जमिनीलगत येणारी लहर माती, खडक, इमारती यांच्यात दमते. समुद्रावरून येताना तिचं फार कमी नुकसान होतं. आकाशातून अगदी तिरकी उतरणारी लहरही पाण्याच्या काठाशी जास्त जोरात मिळते. म्हणूनच किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत गेलं तरी फरक जाणवू शकतो.

दुसरं कारण साधं आहे. शहरात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, वाय-फाय राउटर यांची खरखर मीडियम वेव्ह झाकून टाकते. मोकळ्या किनाऱ्यावर ती नसते.

हे जुन्या मंडळींनाही ठाऊक होतं. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हे अमेरिकन तंत्रज्ञ स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन इथे गेले, किनाऱ्याजवळ तंबू ठोकला आणि शेकडो फूट लांब तार टाकून बसले. थंडी-पावसात रात्री जागून त्यांनी अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संदेश पकडले. त्या हौशी केंद्रांचे संदेश इतक्या दूर पोहोचतात, हे तेव्हा कुणी गृहीत धरलेलं नव्हतं.

एफएमही लांबचं लागतं का?

कधी कधी, पण कारण वेगळं. उन्हाळ्यात समुद्रावरच्या दमट, थंड हवेवर उष्ण, कोरडी हवा येऊन बसते. या दोन थरांमध्ये लहरी बोगद्यात अडकल्यासारख्या पुढे सरकत राहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईतल्या एका रडारवर हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत होते, ते यामुळेच. पावसाळी वारे सुटले की हवा ढवळली जाते आणि हा बोगदा मोडतो.

कधी ऐकायचं?

मीडियम वेव्हसाठी हिवाळा चांगला. रात्र मोठी असते आणि विजांची कडकड नसते. लहरीचा पूर्ण मार्ग अंधारात असावा लागतो. त्यामुळे संध्याकाळी आधी पूर्वेकडची स्टेशनं येतात, कारण तिकडे अंधार लवकर पडलेला असतो. आखातातली स्टेशनं उशिरा सुरू होतात आणि पहाटेपर्यंत टिकतात. मुंबई ते दुबई अंतर साधारण १९०० किलोमीटर आहे. एवढा टप्पा लहर एका उडीतही गाठू शकते. एफएमसाठी मात्र एप्रिल-मे पाहावा.

काय लागतं?

मीडियम वेव्ह असलेला, सेलवर चालणारा रेडिओ. मोबाइलमध्ये हा बँड नसतो आणि ॲपवरचं स्टेशन इंटरनेटवरून येतं. मीडियम वेव्हची अँटेना रेडिओच्या आतच असते. बाहेरची ओढायची काडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. म्हणून काडी हलवू नका, अख्खा रेडिओच फिरवा. एका दिशेला आवाज वाढेल, दुसऱ्या दिशेला पडेल. नको असलेलं स्टेशन दाबायलाही हीच युक्ती कामी येते.

स्टेशन कुठलं, हे ओळखण्यासाठी तासाच्या ठोक्याला कान द्या, तेव्हा बहुतेक जण नाव सांगतात. आशियात मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, अमेरिकेत १० च्या. फ्रिक्वेन्सी आणि वेळ लिहून ठेवा, फोनवर रेकॉर्ड करा. ही माहिती केंद्राला कळवली, तर काही केंद्रं 'क्यूएसएल' नावाचं पोचपत्र पाठवतात.

किनाऱ्यावर रात्री बसताना भरतीची वेळ आधी विचारून घ्या. वीज चमकत असेल तर बाहेर तार टाकू नका.

हे किती दिवस ऐकू येईल?

मीडियम वेव्हची ट्रान्समीटर्स प्रचंड वीज खातात, म्हणून ती बंद होत चालली आहेत. फ्रान्स आणि जर्मनीच्या राष्ट्रीय रेडिओंनी २०१५ च्या अखेरीस आपली मीडियम वेव्ह प्रसारणं थांबवली. छंद म्हणून बघितलं तर नुकसान थोडं. पण भर समुद्रात मोबाइलची रेंज संपल्यावरही मीडियम वेव्ह पोहोचते. वादळाचा इशारा ऐकण्यासाठी मच्छीमारांनी होडीत रेडिओ ठेवला तो यासाठीच. सुट्टीत गंमत वाटणारी ही लहर किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी गरजेची आहे.