रस्ता आणि त्यावर बसणारी माणसे



चारठाण्याच्या इतिहासावर कोणी बोलावयास उभा राहिला की ऐकणाऱ्यांची अपेक्षा देवळांची असते, आणि ती वावगी नाही. जिंतूर तालुक्यातील या गावात जुनी दगडी मंदिरे आहेत, बारव आहे, आणि तो उंच कोरीव स्तंभ पाहावयास तर लांबून माणसे येतात. पण आम्ही पडलो हमालांच्या संघटनेत आयुष्य घालविलेले. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे शिक्षण झाले ते पोत्यांच्या थप्पीवर आणि वाचनालयाच्या बाकावर. आमची नजर शिखराआधी देवळापुढच्या वाटेकडे जाते. एवढा दगड ज्या वाटेने आला ती मोकळी कोणी ठेविली? वाटसरूंचे बैल कोठे बांधीत? बारवेच्या पाण्यापर्यंत कोणास जाऊ देत आणि कोणास अडवीत? म्हणून आज आम्ही रस्त्याचाच इतिहास सांगणार आहोत. रस्ता जाण्यासाठी की बसण्यासाठी, आणि हे ठरवावयाचे कोणी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मोटारीबरोबर आला अशी समजूत आहे, ती खरी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रथ्येची रुंदी चार दंड, म्हणजे सुमारे २४ फूट, सांगितली आहे. रस्त्यावर केर टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण आणि चिखल-पाणी साचविणाऱ्यास त्याच्या दुप्पट दंड आहे. तिकडे रोम शहरात इ. स. पूर्व ४५ च्या सुमारास ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने दिवसाच्या बहुतेक प्रहरांत मालगाड्यांना बंदी केली. परिणाम असा झाला की गाड्यांचा खडखडाट रात्री सुरू झाला आणि ज्यांची घरे रस्त्यालगत त्या गरिबांची झोप उडाली. कोंडी नाहीशी झाली नाही. ती एकाच्या दारातून उठून दुसऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. हा धडा पुढे पुन्हा पुन्हा भेटतो.

आपल्याकडे पेठ वसे तेव्हा तिला शेटे आणि महाजन हे वतनदार असत. दुकानाची जागा, बाजाराची शिस्त, व्यापाऱ्यांचे तंटे ही त्यांची कामे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे भाव आणि शहरातील तंट्यांबरोबर गल्लीबोळांचे वादही येत. व्यवस्था होती, पण ती वरून खाली येणारी होती. ज्याला जागा मिळाली त्याने कृपा मानावी, ज्याला मिळाली नाही त्याने गाव सोडावा.

इंग्रजी अमलात कृपेची जागा ठरावाने घेतली. पुण्याची भाजी पूर्वी शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत विकली जाई. ती उचलून नव्या दगडी इमारतीत न्यावी असे ठरले आणि १८८६ साली रे मार्केट उभे राहिले. जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. गंमत पाहा, आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे. इमारत वाईट होती असे आम्ही म्हणत नाही; अनेक पिढ्यांचे पोट तिने भरले. पण शहर सुंदर करावयाचे तर आधी कोणाचे भले करावे, हा फुल्यांचा सवाल नाव दिल्याने सुटत नाही.

त्याहून जुना आणि जिव्हारी लागणारा प्रश्न होता तो रस्त्यावर नुसते चालण्याचा. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. १९२४ साली त्रावणकोरात वायकोम येथे देवळाभोवतालच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह सुरू झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. रहदारीचे नियम शिकविणाऱ्याने हे आधी शिकवावे: रस्ता ‘सार्वजनिक’ आहे हे वाक्य या देशात भांडून मिळविलेले आहे.

बसणाऱ्यांचा हक्क त्याहून उशिरा आला. १९८५ साली मुंबईच्या फेरीवाल्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाट अडविण्याचा हक्क कोणास नाही, परंतु विक्रीच्या जागा आखून द्याव्यात. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात पदपथावरील विक्री हाही एक व्यवसायच आहे, वाजवी बंधने पाळून तो करता येईल, असे मान्य झाले. आणि १ मे २०१४ रोजी, म्हणजे कामगारदिनीच, पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा अमलात आला. आधी पाहणी, मग हलवाहलव. आणि शहराच्या समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या.

त्याच्या बऱ्याच आधीची एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. एका शहरात पहाटे भाजीवालीचा तराजू आणि टोपल्या जप्त झाल्या. सोडवावयास आम्ही बरोबर गेलो. पावतीवर मालाचे वर्णन या रकान्यात एकच शब्द होता: ‘अडथळा’. वांगी नव्हती, मेथी नव्हती, तराजूही नव्हता. बाई लिहिता-वाचता न येणारी. तिने विचारले, काय लिहिलंय भाऊ? आम्ही सांगितले, भाजी लिहिली आहे. आयुष्यात जी थोडी खोटी बोललो त्यांतील ते एक.

पण दोष एकाच बाजूला टाकणे आम्हांस शोभणार नाही. आमचाही एक मोर्चा असाच चौकात ठिय्या देऊन बसला होता आणि बाळंतपणाची जीप मागे अडकली. घोषणा एवढ्या मोठ्या की जीपचा भोंगा पुढच्यांना ऐकूच आला नाही. बाई सुखरूप सुटली, हा आमचा पराक्रम नव्हे, दैवाचा उपकार. त्या दिवसापासून मोर्चाच्या एका अंगाला दोर धरलेले स्वयंसेवक ठेवावयाचे, एक वाट कायम मोकळी, हा आमचा नियम झाला.

हा नियम आम्ही शोधला नाही. वारीत तो कधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला जे रूप दिले त्यात रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड वर केला की हजारो माणसे गप्प होतात; मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते, आणि चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतो. जगात गर्दीला शिस्त लावणारे पुष्कळ. गर्दीतल्या तक्रारीला वाट ठेवणारे थोडे.

आता चारठाण्याकडे वळू. बाजाराच्या दिवशी दुचाक्या, टेंपो, ट्रॅक्टर, त्यातच लग्नाची वरात आणि कडेला टोपली घेऊन बसलेली म्हातारी. कोंडी झाली की पहिली उठते ती म्हातारी, कारण तिला उठविणे सर्वांत सोपे. २०१४ चा कायदा शहरांपुरता; खेड्याच्या बाजाराला त्याचे छत्र नाही. येथे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा चालतो. त्याच्या कलम ५३ ने रस्त्यावरील अडथळे दूर करण्याचा अधिकार पंचायतीला आहे. अडथळा कोणता हे मात्र गावाने ठरवावे, आणि त्याची जागा ग्रामसभा.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. बाजारात कोण, कोठे, किती वर्षांपासून बसते याची आधी नोंद करावी. वाहने वेशीबाहेर एका जागी थांबवावीत आणि तेथून माल आणणाऱ्या हमालाचा दर लिहून लावावा. जत्रा-मिरवणुकीच्या दिवशी दवाखान्याची वाट दोर धरून मोकळी ठेवावी. आणि हे ठरविणाऱ्या ग्रामसभेत त्या म्हातारीला बोलावावे. ती दिवसभर त्याच रस्त्यावर बसते. बैल कोठे बुजतो, टेंपो कोठे अडतो, पाणी कोठे साचते, हे तिच्याइतके गावात कोणास ठाऊक आहे?