भिवंडीतील माग, वस्ती आणि ध्वनिमर्यादा

१८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमागाचा व्यवसाय वाढविला, हे सर्वविदित आहे. तो माग घरातच असे; विणकराचा हात थांबला की आवाजही थांबे. विसाव्या शतकात विजेवर चालणारा माग आला आणि हा स्वाभाविक निर्बंध नाहीसा झाला. यंत्रमागात धोटा एका बाजूने वेगाने फेकला जाऊन दुसऱ्या बाजूस अडविला जातो, आणि हे मिनिटास शंभराहून अधिक वेळा घडते. अशा खोलीतील ध्वनीची पातळी नव्वद डेसिबलांपलीकडे जाते. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांमुळे रात्रही मोकळी राहिली नाही. माग व बिऱ्हाड यांच्यामध्ये पुष्कळ ठिकाणी भिंतीएवढेच अंतर उरले. आणि ज्याची झोप मोडे, त्याची रोजीही बहुधा मागावरच अवलंबून असे.

या स्थितीस कायद्याने कोणते नाव दिले? १८६० च्या दंडसंहितेत शब्द होता ‘उपद्रव’. त्यापासून काही सोय वा लाभ होतो, ही सबब ती संहिता मान्य करीत नव्हती. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे कलम ३८ याहून स्पष्ट आहे. शेजाऱ्यांस होणारा त्रास टाळण्यासाठी वाद्यांवरच नव्हे, तर गोंगाट करणाऱ्या धंद्यावरही लेखी आदेशाने नियंत्रण घालण्याचा अधिकार ते पोलीस आयुक्तास व अधीक्षकास देते. येथे प्रमाण आहे ते ऐकणाऱ्याचे. मराठीतही ‘खडखडाट’ हा शब्द वस्तूचा आवाज सांगतो. ‘गोंगाट’ म्हटले की कोणीतरी त्रासलेला गृहीत धरलेला असतो.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी या श्रोत्याच्या जागी आकडा आणला. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल. औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७०. रात्र म्हणजे दहा ते सहा. प्रमाणापेक्षा १० डेसिबल वा अधिक वाढ झाल्यास तक्रार करता येते. आकडा निःपक्षपाती खरा, परंतु तो क्षेत्राच्या नावावर टांगलेला आहे. मिश्र वस्ती असल्यास सक्षम अधिकाऱ्याने तिला चार वर्गांपैकी एका वर्गात घालावे, असे परिशिष्टातील टीप सांगते. भिवंडीसारख्या गावी सर्व वाद या टीपेत सामावलेला आहे, आणि ती मात्र दोन ओळींत आटोपलेली आहे!

अंमलबजावणीचा रोखही ध्यानात घेण्यासारखा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निर्णय मुख्यतः ध्वनिक्षेपक, फटाके व वाहनांचे भोंगे यांविषयी होता. ठाण्यातील याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्णयातही ध्वनिक्षेपक व उत्सवांचे मंडप हेच अग्रभागी होते. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री बांधकामाची आवाज करणारी यंत्रे वापरण्यास मनाई केली; तीत मागाचा उल्लेख नाही. उत्सवाचा आवाज काही दिवसांपुरता असतो, परवानगी मागतो, म्हणून पकडताही येतो. मागाच्या आवाजास असा प्रारंभदिनच नसतो.

परिणामी, गल्लीस ‘निवासी’ म्हटले तर मध्यरात्री ५५ डेसिबलांवर तक्रारीस आधार मिळतो. तीच गल्ली ‘औद्योगिक’ ठरली तर ८० डेसिबलांपर्यंत थांबावे लागते. डेसिबलांची मोजणी घातांकी असल्यामुळे या २५ अंकांत ध्वनीच्या तीव्रतेचे अंतर तीनशे पटींहून अधिक पडते. भिंत तीच, माग तोच, आणि पलीकडे निजलेले मूलही तेच.