चित्र का थरथरते? दादर १९१२ ते आजची गेम-मॉडेल्स

१/ संगणकावरील खेळात स्वतः घडवलेले पात्र आणले, की ते अनेकदा बिघडलेले दिसते. अंगरख्यावरील नक्षी शिवणीपाशी तुटते, पाठीला भोक पडल्यासारखे वाटते, ढाल लुकलुकते. हे दोष शोधून दुरुस्त करणे ही आजची कला वाटते. तिच्या जवळची एक कला मुंबईत शंभर वर्षांपूर्वीही रुजली होती.

२/ १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना गिरगावात सुरू झाला. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे आणि एकच कागद त्या साऱ्या दगडांवर पाळीपाळीने छापला जाई. कागद किंचित सरकला, तरी ओठांचा रंग ओठांबाहेर जाई. गेम-मॉडेलमध्येही आकार वेगळा आणि त्यावर चढवायचे सपाट चित्र वेगळे असते. चित्रातला कोणता बिंदू आकारावर कुठे बसावा, हा नकाशा चुकला की नक्षी ताणली जाते.

३/ रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम केलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी पुढे दादरला स्वतःचा छापखाना उभारला. भागीदारांशी मतभेद होऊन ते त्यातून बाहेर पडले. १९११ मध्ये गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेतले.

४/ हे दुसरे यंत्र का? कच्ची फिल्म कोरी, बिनछिद्रांची येत असे. कॅमेऱ्याचे दाते छिद्रांत अडकून फिल्म पुढे ओढतात. छिद्रांमधील अंतर असमान असेल, तर प्रत्येक चौकट थोडी वरखाली बसते आणि पडद्यावर सारे चित्र थरथरते.

५/ ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांवर चार-चार छिद्रे लागतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. म्हणजे ५९,२०० चौकटी आणि ४,७३,६०० छिद्रे. उजेड लागला तर फिल्म वाया जाते, म्हणून हे काम अंधारात चाले. ते करीत फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई.

६/ कथाचित्राला हात घालण्यापूर्वी फाळक्यांनी एक छोटा प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी महिनाभराहून अधिक काळ त्याच्या वाढीचे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट. अशा चित्रणात कॅमेरा जरा हलला वा उजेड कमीजास्त झाला, तर दोष लगेच उघड होतो. मोठ्या खर्चात उतरण्याआधी यंत्र आणि हात पारखण्याची ही उत्तम रीत होती.

७/ गेम-मॉडेलची दुरुस्ती याच रीतीने होते. आधी सगळे रंग काढून आकार नुसता करडा पाहायचा. भोके तशीच राहिली, तर दोष रंगात नाही. बहुधा काही पृष्ठे उलटी वळलेली असतात आणि पाठमोरे पृष्ठ खेळ रेखाटतच नाही. ढाल लुकलुकत असेल, तर दोन पृष्ठे नेमकी एकाच जागी आली आहेत का, हे पाहायचे. पुढे कोणते हे संगणकाला ठरवता येत नाही. एक पृष्ठ काढले किंवा किंचित सरकवले, की लुकलुक थांबते.

८/ फरक एकच, पण मोठा. फिल्मवरील दोष त्या चौकटीत कायमचा कोरला जातो. खेळातले चित्र क्षणोक्षणी नव्याने रेखाटले जाते, म्हणून दोष एका कोनातून दिसतो, दुसऱ्यातून लपतो. त्यासाठी मॉडेल सर्व बाजूंनी फिरवून, हातपाय हलवून तपासावे लागते.

९/ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. दादरच्या रस्त्याला आज फाळक्यांचे नाव आहे, देशाच्या सर्वोच्च चित्रपट-पुरस्कारालाही आहे. छिद्रे पाडणाऱ्या हातांचा उल्लेख मात्र त्यांच्या चरित्रात ओघाने येतो. दुरुस्तीचे काम जितके चोख, तितके ते प्रेक्षकाला कमी दिसते. म्हणूनच चित्र स्थिर दिसले, की ते कोणी स्थिर केले हे इतिहासाने मुद्दाम विचारले पाहिजे.