हिंगणघाटची कबर आणि हेलिकॉप्टरची परीक्षा

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे गाव कापसाची बाजारपेठ म्हणून सर्वांना माहीत आहे. तेथे विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकाची कबर आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १८०२ साली लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक सरळ रेषा साखळीने मोजली आणि तिच्या आधारे त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकू लागले. पोलादी साखळी उन्हाने लांबते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, शेजारी तापमापी ठेवून मोजणी चाले. वीस वर्षे हे काम करून हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी त्यांचा मृत्यू झाला. नागपूर तेथून जेमतेम ७० किलोमीटर राहिले होते.

या कबरीची आठवण होण्याचे कारण वेगळेच आहे. दहावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हेलिकॉप्टर चालवायला शिकायचं तर काय वाचावं लागतं?" आपण शिक्षक अशा वेळी "खूप अभ्यास करावा लागतो" असे सांगून मोकळे होतो. खरे उत्तर शोधायला गेलो तेव्हा वाट हिंगणघाटवरून गेली.

खाजगी हेलिकॉप्टर वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण आणि किमान दहावीपर्यंतचे शिक्षण लागते. लेखी परीक्षेचे विषय चार: हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि यंत्राची तांत्रिक माहिती. यातील नियमांचा इतिहास थोडक्यात आटोपता येईल. १९१९ च्या पॅरिस कराराने वैमानिकाकडे परवाना हवा हे राष्ट्रांनी मान्य केले. भारतातील पहिल्या क्रमांकाचा परवाना जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. पुढे १९३४ चा विमान कायदा, १९३७ चे नियम, १९४४ चा शिकागो करार आणि २०२५ च्या आरंभी अमलात आलेला भारतीय वायुयान अधिनियम असा हा क्रम आहे. हा भाग पाठ करावा लागतो, त्यात फारसे कोडे नाही.

कोडी आहेत ती दिशादर्शनात. वैमानिक अंतर किलोमीटरमध्ये न मोजता सागरी मैलांत मोजतात. का? अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एका भागाची लांबी म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. नकाशाच्या कडेवरची अक्षांशाची पट्टी हीच मोजपट्टी होते. पण पृथ्वी नेमकी गोल असती तरच हे सगळीकडे सारखे जुळले असते. विषुववृत्ताजवळ एक अंश सुमारे ११०.६ किलोमीटरचा, तर ध्रुवाजवळ सुमारे १११.७ किलोमीटरचा भरतो. लॅम्बटन जे मोजत होते ते हेच! त्यांच्या आणि नंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या मोजणीवरून १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार ठरवला गेला, त्यावर भारताचे स्थलवर्णनात्मक नकाशे पुढची दीडशेहून अधिक वर्षे काढले गेले. त्यात विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर आहे. उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रे ६३,७८,१३७ मीटर धरतात. म्हणजे फरक ८६१ मीटरचा. साखळी आणि कोनमापकाच्या जोरावर केलेल्या कामात एवढीच चूक राहावी, याचे मला तरी आश्चर्य वाटते. पण जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे नव्या यंत्रात घातले तर जागा चुकते, हेही तितकेच खरे. उपग्रहांशी जुळणारे नकाशे सर्वांसाठी खुले करण्याचे धोरण २००५ साली आले.

आता एक गणित वर्गात घ्या. हिंगणघाट ते नागपूर सरळ अंतर सुमारे ३८ सागरी मैल. वैमानिकाची दिशा ५ अंशांनी चुकली तर तो नागपूरपासून किती दूर जाईल? वैमानिकांचा ठोकताळा असा की ६० मैलांमागे एका अंशाची चूक म्हणजे एक मैल. म्हणून ३८ गुणिले ५ भागिले ६०, म्हणजे ३ मैलांहून थोडे अधिक, जवळपास ६ किलोमीटर. हा ठोकताळा कुठून आला? एक रेडियन म्हणजे ५७.३ अंश, तोंडी हिशोबासाठी त्याचे ६० केले, इतकेच. त्रिकोणमितीच्या तासाला रेडियन कशाला शिकायचे असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण देता येईल.

दिशा दाखवणारा होकायंत्राचा काटा खऱ्या उत्तरेकडे नव्हे, चुंबकीय उत्तरेकडे वळतो. महाराष्ट्रात हा फरक सध्या एक अंशाहूनही कमी आहे, पण तो वर्षागणिक बदलतो आणि म्हणून सतत मोजावा लागतो. मुंबईत कुलाब्याला हे मोजमाप चाले. विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने काटे बिघडतील हे ओळखून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. दोन्हीकडच्या नोंदी काही काळ बरोबरच घेतल्या, म्हणून मालिका तुटली नाही.

तांत्रिक विषयाचा इतिहास मात्र अपयशाने सुरू होतो. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी मोकळ्या फिरत्या पात्यांचे यंत्र बनवले, तर ते पळता पळता एका कुशीवर कलंडे. कारण आकड्यांत पाहू. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २०० मीटर आणि यंत्राचा पुढे जाण्याचा वेग ४० मीटर धरा. पुढे येणाऱ्या पात्याला हवा २४० मीटर वेगाने भेटते, मागे जाणाऱ्याला १६० ने. वर उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २४० आणि १६० यांच्या वर्गांचे गुणोत्तर सव्वादोन! एका बाजूला सव्वादोनपट उचल मिळाली तर यंत्र कलंडणारच. सिएर्वांच्या लवचीक पात्यांच्या छोट्या प्रतिकृती मात्र नीट उडत. त्यावरून त्यांनी मोठ्या यंत्राची पाती बुडाशी बिजागरीने जोडली. आता पुढे येणारे पाते वर उचलले जाते. ते वर जात असल्याने हवा त्याला किंचित वरून आल्यासारखी भेटते, तिच्याशी होणारा कोन कमी होतो आणि जादा उचल आपोआप घटते. पलीकडच्या पात्याचे नेमके उलटे होते. जानेवारी १९२३ मध्ये, लॅम्बटन यांच्या मृत्यूला शंभर वर्षे होत असताना, हे यंत्र माद्रिदजवळ उडाले. इंजिनाने पाती फिरवणारे सिकॉर्स्की यांचे हेलिकॉप्टर जमिनीवरून उठले ते १९३९ मध्ये.

उचल हवेच्या घनतेवरही अवलंबून असते, आणि येथे वर्ध्याचा मे महिना आडवा येतो. समुद्रसपाटीवर १५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेचे वस्तुमान १.२२५ किलोग्रॅम असते. वर्धा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २३५ मीटर उंचीवर आहे. तेथे ४५ अंशाला तीच घनता साधारण १.०८ भरते, म्हणजे बारा टक्के कमी. प्रमाण वातावरणात इतकी विरळ हवा १,३०० मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीवर सापडते. उभे आहोत वर्ध्याच्या मैदानात, पण पात्यांच्या दृष्टीने आपण घाटमाथ्यावर आहोत! इंजिनालाही तीच विरळ हवा मिळते. म्हणून सकाळी सात वाजता जेवढी माणसे आणि इंधन घेऊन हेलिकॉप्टर सहज उठते, तेवढेच ओझे दुपारी तीनला त्याला पेलेलच असे नाही. अशा वेळी एका प्रवाशाला "तुम्ही मागाहून या" असे सांगण्याचे धैर्य वैमानिकाने दाखवायचे असते. परीक्षेतला घनतेचा प्रश्न त्यासाठी आहे. तो प्रवासी मोठा माणूस असेल तर हे किती अवघड, याची कल्पना आपण करू शकतो.

आणि इंजिनच बंद पडले तर? वैमानिक ताबडतोब डाव्या हातातला दांडा खाली करून पात्यांचा कोन कमी करतो. यंत्र खाली येऊ लागते, खालून वर येणारी हवा पाती फिरती ठेवते, आणि जमीन जवळ येताच कोन वाढवून त्या फिरण्यातली साठलेली ऊर्जा तो वेग मोडण्यासाठी खर्च करतो. सुरुवातीला हाताशी एक-दोन सेकंदच असतात. फ्रान्सचे झाँ बुले २१ जून १९७२ रोजी लामा हेलिकॉप्टर घेऊन १२,४४२ मीटरवर पोचले, तो उंचीचा विक्रम ठरला. तेथून उतरायला लागताच त्यांचे इंजिन विझले, आणि ते तेवढ्या उंचीवरून इंजिनाविना सुखरूप जमिनीवर आले. याच जातीचे हेलिकॉप्टर बंगळूरला 'चीता' या नावाने बनले आणि हिमालयातील आपल्या चौक्यांवर रसद नेत राहिले.

वर्गात हे दाखवायला कागदाची एक पट्टी पुरते. तिचा वरचा अर्धा भाग मधोमध कापून दोन पाती विरुद्ध दिशांना वळवा, खालच्या टोकाला टाचणी लावा आणि बाकावर उभे राहून सोडा. मग टाचण्या दोन करा, पात्यांची लांबी बदला आणि प्रत्येक वेळी खाली यायला किती सेकंद लागतात ते मुलांना फळ्यावर लिहू द्या. पाती वळवलीच नाहीत तर काय होते, तेही पाहा.