सिव्हिक हॅकेथॉन : नागरी प्रश्नाची निवड आणि सार्वजनिक माहिती

नागरी प्रश्नांवर एक-दोन दिवसांत संगणकीय उपाय तयार करण्याच्या सामूहिक उपक्रमाला ‘सिव्हिक हॅकेथॉन’ असे म्हणतात. संगणक अभियंते, अभ्यासक आणि नागरी कार्यकर्ते त्यात एकत्र काम करतात. माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र असलेल्या बंगळुरूत यासाठी पोषक वातावरण आहे. खुल्या माहितीचा पुरस्कार करणारा ‘डेटामीट’ हा गट २०११ मध्ये याच शहरात सुरू झाला. ‘ओपनसिटी’ हे संकेतस्थळ शहरांविषयीची सार्वजनिक माहिती एका ठिकाणी उपलब्ध करून देते. तरीही प्रश्न आणि माहिती यांचा मेळ आधी घातला नाही, तर तयार झालेले उपाय वापराविना पडून राहतात.

प्रश्नाची निवड

निवडलेला प्रश्न मर्यादित असावा आणि त्याच्या उत्तरावर कार्यवाही करणारे कार्यालय निश्चित असावे. बंगळुरूच्या बेलंदूर तलावात २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये आगी लागल्या आणि सांडपाण्याच्या प्रदूषणाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. परंतु ‘तलाव वाचवा’ हा विषय दोन दिवसांसाठी फार व्यापक आहे. सांडपाण्याची जबाबदारी पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाकडे असते, तर पाण्याच्या दर्जाची तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. या मंडळाच्या अहवालांत तलावांच्या पाण्याला ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी दिलेल्या असतात. त्यामुळे ‘कोणत्या तलावाचे पाणी सलग किती महिने खालच्या श्रेणीत राहिले’ या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते. ते घेऊन परिसरातील नागरिकांना संबंधित मंडळाकडे दाद मागता येते.

माहितीचे स्रोत

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपल्या कामकाजाची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्ये माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याच वर्षी त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. २०१७ मध्ये अशा माहितीच्या पुनर्वापराचा परवाना अधिसूचित करण्यात आला. तक्ते पीडीएफ स्वरूपात असतील, तर ते संगणकाला वाचता येतील असे करण्यात बराच वेळ जातो. हे काम उपक्रमाच्या आधीच पूर्ण करणे हिताचे ठरते.

प्रभागसीमांची अडचण

२०११ च्या जनगणनेत बंगळुरू महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ८४ लाख होती आणि तेथे १९८ प्रभाग होते. सप्टेंबर २०२५ मध्ये या महापालिकेच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या. त्यामुळे जुन्या आणि नव्या प्रभागांच्या आकडेवारीची थेट तुलना करता येत नाही. जुनी लोकसंख्या गृहीत धरल्यास वेगाने वाढलेल्या भागांची पाण्याची गरज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. पुणे महापालिकेतही २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाल्याने हीच अडचण उद्भवते. म्हणून प्रत्येक तक्त्यासोबत प्रभागरचनेचे वर्ष नोंदवावे आणि शक्य असेल तेथे अक्षांश-रेखांश वापरावेत.

आवश्यक दक्षता

तक्रारींच्या नोंदी वापरताना नागरिकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक वगळणे आवश्यक आहे. शिवाय ज्या वस्त्यांत तक्रार नोंदवण्याची साधने कमी आहेत, तेथील तक्रारीही कमी दिसतात. तक्रार नाही म्हणजे समस्या नाही, असा निष्कर्ष काढल्यास निधी पुन्हा सुस्थितीतील भागांकडेच वळण्याचा धोका असतो. अशा वस्त्यांतील रहिवाशांना प्रश्न निवडतानाच सहभागी करून घेणे हा त्यावरील उपाय आहे.

उपक्रम संपल्यानंतर माहिती अद्ययावत कोण ठेवणार आणि निष्कर्ष कोणत्या कार्यालयाकडे सादर होणार, हेही आरंभीच ठरवणे आवश्यक असते.