लेसरचा किरण आणि त्याचा लगाम

मंडळी, ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात शाळांची विज्ञान प्रदर्शने भरली, की एखाद्या टेबलावर घरी जोडलेला लेसर दिसतो. विद्यार्थी लोकलने ग्रँट रोडला जातो. लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाच्या दुकानांतून बोटाच्या पेराएवढी नळी आणतो, तिला सेल आणि बटण जोडतो. भिंतीवर लाल ठिपका उमटतो. पाहणारे म्हणतात, "हा तर टॉर्चच!" पण टॉर्च वेगळा आणि लेसर वेगळा. हा भेद नीट हाती यायला शास्त्रज्ञांना पन्नासांहून अधिक वर्षे लागली. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे, कारण त्या नळीपासून जपायचे कसे, तेही तिच्यातूनच कळते.

दिव्याचा उजेड म्हणजे कल्याण स्टेशनात गाडीतून उतरलेली गर्दी. जो तो आपल्या वाटेने, आपल्या चालीने जातो. लेसरचा प्रकाश म्हणजे शाळेचे लेझीम-पथक. सर्वांचे पाऊल एका वेळी, एका तालावर, एकाच दिशेला. म्हणून दिव्याचा उजेड पसरतो आणि लेसरची रेघ लांबवर बारीकच राहते.

हा ताल कसा धरला जातो, हे आइन्स्टाइनने १९१७ साली कागदावर मांडले. ऊर्जा भरलेल्या अणूजवळून योग्य रंगाचा प्रकाशकण गेला, तर तो अणू अगदी तसाच दुसरा कण त्याच दिशेला सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. परंतु हे प्रत्यक्षात आणावे कसे? १९५८ साली टाउन्स आणि शॉलो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी वाट दाखवली : दोन आरशांच्या मधे प्रकाशाला येरझाऱ्या घालू द्याव्यात. पुढे १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला.

या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे बरे का! बारामतीत १९३८ साली जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले कुमार पटेल यांनी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. त्या जातीचे लेसर आजही कारखान्यांतून लाकूड आणि कापड कापतात.

आपल्या नळीतला लेसर मात्र वायूचा नव्हे, की माणकाचाही नव्हे. तो मोहरीएवढ्या अर्धवाहक तुकड्याचा, म्हणजे डायोडचा. त्याचा पूर्वज रॉबर्ट हॉल यांनी १९६२ साली अमेरिकेत केला. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीकाठी, ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रात, १९६४ साली गॅलियम आर्सेनाइडचा असाच लेसर तयार झाला. पुढे थोड्याच काळात ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यामध्ये, तारेवाचून, लेसरच्या प्रकाशावरून संदेश पाठवण्यात आले.

पण हे पहिले डायोड भारी नाजूक होते. त्यांना प्रचंड प्रवाह लागे, आणि त्याने ते तापून निकामी होत. हॉल यांचा डायोड द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंश थंडीत ठेवावा लागे, आणि तिथेही तो क्षणभरच चमके. १९७० साली लेनिनग्राडला अल्फेरोव यांनी आणि अमेरिकेत हायाशी व पॅनिश यांनी एक युक्ती साधली. दोन थरांच्या मधे एक अतिशय पातळ थर, आणि वीज व प्रकाश दोन्ही त्यातच कोंडलेले. प्रवाह कमी लागू लागला, आणि साध्या हवेत डायोड अखंड चालू लागला. शक्ती वाढवून जे जमले नाही, ते तिला आवरून जमले!

घरच्या जोडणीतही हेच ध्यानात ठेवायचे. डायोड म्हणजे भाताच्या खाचराचा बांध. पाणी बांधाच्या खाली आहे तोवर काही वाहत नाही. बोटभर वर चढले की धो धो वाहते, आणि वाहता वाहता बांधच कापते. म्हणून सुटा डायोड सेलला थेट जोडू नये, मधे रोधक हवाच. लाल डायोडला साधारण २.२ व्होल्ट दाब आणि २५ मिलिअँपिअर प्रवाह लागतो असे धरा. दोन सेलचे ३ व्होल्ट. उरलेल्या ०.८ व्होल्टला ०.०२५ ने भागा, ३२ येतात. म्हणून ३३ ओहमचा रोधक घ्यावा. प्रत्येक डायोडचे आकडे निराळे असतात, ते आधी पाहावेत. तयार नळीत रोधक बहुधा बसवलेला असतो. तिला लिहिलेल्यापेक्षा जास्त व्होल्ट देऊ नयेत. कथलाचा डाग देताना तापलेले टोक फार वेळ टेकवू नये.

डायोड जळला तर दुसरा आणता येतो. डोळ्याचे तसे नाही. भिंगाने ऊन एकवटून कागद जळतो, तसेच डोळ्यातले भिंग हा किरण आतल्या पडद्यावर एका बिंदूत आणते. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झालेली चटकन उमगतही नाही. २०२३ साली नाशिकला गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर लेसरच्या झोतांनी काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचे तेथील नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. ते झोत आपल्या नळीपेक्षा फार बलवान. पण बाजारातल्या स्वस्त नळीवर छापलेला आकडा खरा असेलच असे नाही. विशेषतः काही हिरव्या लेसरमधून न दिसणारे उष्ण किरणही निसटतात.

तेव्हा गुरुजनहो, शाळेसाठी १ मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा लाल लेसरच निवडा. तो टेबलावर पक्का बांधा, समोर पुठ्ठा ठेवा, आरसे व चकचकीत भांडी दूर ठेवा. मुलांची तोंडे किरणाच्या रेषेत येऊ देऊ नका. गच्चीवरून लोकलच्या मोटरमनवर किंवा विमानावर किरण मारणे हा खेळ नव्हे, हे त्यांना स्पष्ट सांगा.

आणि मग एक प्रयोग करा. प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडा, पाण्यात दुधाचे दोन थेंब टाका, आणि मागच्या बाजूने किरण भोकावर सोडा. पाण्याची धार वाकते, आणि तिच्याबरोबर उजेडही वाकताना दिसेल. आज तुमचे बोलणे वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूंत प्रकाश असाच कोंडलेला असतो. मुलांना एवढेच विचारा, धारेत तो का अडकला? उत्तर त्यांनाच शोधू द्या.