डिस्क शेड्यूलरची मूळ निवड
वापरकर्त्याने काही ठरवले नसताना डिस्ककडे जाणाऱ्या वाचन-लेखन मागण्यांचा क्रम लावण्यासाठी परिचालन प्रणालीने (पहा : परिचालन प्रणाली) स्वतःहून योजलेली पद्धत. लिनक्समध्ये (पहा : लिनक्स) २.६.१८ या आवृत्तीपासून (२००६) सीएफक्यू ही मूळ निवड होती, ५.० मध्ये (२०१९) जुनी एकरांगी यंत्रणाच, तिच्यासह सीएफक्यूही, काढली गेली. आता एका रांगेच्या उपकरणाला सामान्यतः एमक्यू-डेडलाइन मिळतो. त्यात वाचनाची मुदत अर्धा सेकंद व लेखनाची पाच सेकंद असते, कारण वाचनासाठी प्रोग्रॅम बहुधा खोळंबून असतो. अनेक रांगांच्या एनव्हीएमई डिस्कला सामान्यतः शेड्यूलर दिला जात नाही (‘नन’). एमक्यू-डेडलाइन कर्नलमध्ये नसल्यासही ‘नन’ हाच आधार : यंत्र अडत नाही, मात्र फिरत्या तबकडीवर (पहा : हार्ड डिस्क) शीर्षाची धावपळ वाढू शकते.